पाच आकडे, चाळीस पानं

जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हापासून एक मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर दोनदा, आणि परवा एका क्लायंटने "साहेब, तुमच्या धंद्यातलं आहे, वाचा" म्हणून वेगळा पाठवला. मथळा ठसठशीत आहे: उमेदवारांची इन्कमटॅक्स रिटर्न मागणाऱ्यांना सहा सवाल. शेवटी हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

म्हणणं थोडक्यात असं. शपथपत्रात सगळं असतंच, मग रिटर्न कशाला? रिटर्न ही खाजगी बाब आहे, खुद्द सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. शेतकऱ्याच्या पोराकडे रिटर्नच नसतं, म्हणजे तो बाद. अमेरिकेतसुद्धा सक्ती नाही. काळा पैसा कोणी रिटर्नमध्ये दाखवतो का? आणि अशी सक्ती झाली तर चार पैसे बाळगून असलेला भला माणूस राजकारणात येणारच नाही, खंडणीवाले मागे लागतील. ताजा कलम म्हणून एक टोमणा: कायदा करणारे तेच, ते असला कायदा कशाला करतील?

मी गेली २२ वर्षं अशोक स्तंभाजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसून लोकांची रिटर्न भरतो. मेसेज लिहिणारा अडाणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यातली निम्मी वाक्यं खरी आहेत, म्हणून तर तो इतका फिरतोय. घोळ आहे तो उरलेल्या निम्म्यात.

"शपथपत्रात सगळं असतंच."

सगळं नसतं. काय असतं ते सांगतो.

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारी अर्जाला जोडायचं शपथपत्र म्हणजे नमुना २६. तो आपल्याला कोणी प्रेमाने दिलेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या निवडणूक सुधारणांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या खटल्यात २ मे २००२ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. त्यावर सर्वपक्षीय बैठक झाली आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका सुरात विरोधाला उभे राहिले. सरकारने वटहुकूम काढला. राष्ट्रपती कलामांनी तो एकदा परत पाठवला, मंत्रिमंडळाने तोच पुन्हा पुढे केला, मग सही झाली. त्यातून लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३३ब घुसलं. त्याचा अर्थ सरळ होता: कोर्ट काहीही म्हणो, या कायद्यात लिहिलंय त्यापलीकडे उमेदवाराने काही सांगायची गरज नाही. १३ मार्च २००३ रोजी सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं, म्हणून आज आपण शपथपत्र वाचू शकतो.

त्या नमुन्यात प्राप्तिकराचा एक तक्ता आहे. उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबित माणसं. प्रत्येकापुढे पॅन, शेवटचं रिटर्न कोणत्या वर्षाचं, आणि रिटर्नमध्ये दाखवलेलं एकूण उत्पन्न. पूर्वी एकाच वर्षाचा आकडा पुरायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना बदलला आणि पाच वर्षांचे आकडे आले. सुधारणा मोठी होती, नाकारत नाही. पण आले ते आकडेच.

आणि सगळी गंमत 'एकूण उत्पन्न' या शब्दात आहे. तुमच्या-माझ्या बोलण्यात एकूण उत्पन्न म्हणजे वर्षभरात घरात आलेला सगळा पैसा. प्राप्तिकराच्या भाषेत तसं नाही. करमुक्त उत्पन्न त्यात धरतच नाहीत, वजावटीही आधीच जातात, आणि मग खाली जो उरतो त्याला एकूण उत्पन्न म्हणतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १०(१). भागीदारी संस्थेतून वाट्याला आलेला नफाही भागीदाराच्या हातात करमुक्त, कारण संस्थेने त्यावर आधीच कर भरलेला असतो, कलम १०(२अ). दोन्ही तरतुदींना कारणं आहेत आणि दोन्ही वापरण्यात काही गैर नाही. मी रोज वापरतो.

समजा, एक गृहस्थ आहेत. द्राक्षबागेतून निव्वळ ६२ लाख, एका बांधकाम फर्ममधल्या भागीदारीतून ३८ लाख, गाळ्याचं भाडं आणि बँकेचं व्याज मिळून वजावटी जाऊन ४ लाख ८० हजार. वर्षाला एक कोटी ४ लाख ८० हजार रुपये घरात आले. शपथपत्राच्या तक्त्यात आकडा काय येणार? ४,८०,०००. खोटं काही नाही, नमुन्यात जे विचारलंय तेच लिहिलंय. शपथपत्रात उत्पन्नाचे स्रोत लिहायचीही जागा आहे, ती २०१८ च्या लोकप्रहरी खटल्यातल्या निकालाची देणगी. तिथे हे गृहस्थ लिहितील 'शेती व व्यवसाय'. झालं.

आता यांचंच रिटर्न उघडा. चाळीसेक पानांची पीडीएफ असते. त्यात करमुक्त उत्पन्नाचं एक परिशिष्ट आहे, आम्ही त्याला शेड्यूल ईआय म्हणतो. शेतीतून एकूण किती आले, खर्च किती, उरले किती, हे तिथे लिहावं लागतं. निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की पुढचे रकाने उघडतात: जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, किती एकर, स्वतःची की भाडेपट्ट्याने, बागायती की पावसावरची. दुसऱ्या एका परिशिष्टात भागीदारी संस्थेचं नाव, तिचा पॅन, नफ्यात टक्का किती आणि ३१ मार्चला भांडवल किती. कंपनीवर संचालक असाल तर कंपनीचं नाव. शेअरबाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर असतील तर त्या कंपनीचं नाव आणि शेअर किती.

शेतीचे ते पाच रकाने प्राप्तिकर अधिकाऱ्याला फारसं काही सांगत नाहीत. त्याची बदली परवाच भलत्या राज्यातून झालेली असते. पण नाशिककराला ते ओरडून सांगतात. निफाडच्या द्राक्षवाल्याला विचारा, एकरी दहा टन माल म्हणजे बाग चांगली आली. किलोला ५० रुपये धरले तर एकराला पाच लाख, आणि त्यातून औषधं, मजुरी, छाटणी, खतं वजा जायचीत. मग चार एकरांत निव्वळ ६२ लाख आले असं कोणी लिहिलं, आणि ती चार एकरं सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली निघाली, तर पारावर बसलेला कुठलाही म्हातारा दोन मिनिटांत हिशोब मोडून दाखवेल. ही तपासणी फुकट आहे आणि गावोगाव उपलब्ध आहे. फक्त ते पान लोकांसमोर येत नाही.

उलट बाजूही आहे, मेसेजवाल्यांनी ती जरूर वाचावी. शहर वाढलं तशी कडेची जमीन विकून पैसा झालेले कितीतरी सरळ लोक आहेत. नाशिकएवढ्या शहरात महापालिका हद्दीपासून साधारण आठ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. म्हणजे ती रक्कम त्या पाच आकड्यांत दिसणार नाही. पुढच्या निवडणुकीला पेपरात छापून येतं: उत्पन्न सहा लाख, संपत्ती पाच वर्षांत तिप्पट. लोक समजायचं ते समजतात. आमच्याकडे बहुतेक जण अशा विक्रीची रक्कम त्याच करमुक्त परिशिष्टात दाखवतात. ते एक पान पेपरवाल्यासमोर असतं तर त्या माणसाची नाहक बदनामी झाली नसती. म्हणून मला गंमत वाटते, की रिटर्न उघडं करण्याला सगळ्यात मोठा विरोध सरळ माणसाच्या नावाने केला जातो.

"रिटर्न खाजगी आहे, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय."

सांगितलंय, खरं आहे. ३ ऑक्टोबर २०१२, गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त. एका सरकारी कर्मचाऱ्याची रिटर्न आणि नोकरीतली कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली होती. कोर्टाने म्हटलं, ही वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित असल्याशिवाय देता येणार नाही.

पण त्या खटल्यात प्रश्न कोणता होता? तिसऱ्याच माणसाने अर्ज करून कोणाचं तरी रिटर्न खात्याकडून काढून घ्यावं का, हा. उमेदवाराचा प्रश्न तसा नाही. तो स्वतः होऊन आपल्यापुढे येतो, 'मला निवडून द्या, तुमच्या कराच्या पैशाच्या चाव्या माझ्या हातात द्या' म्हणतो. त्याच्याकडून आपण काय मागावं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कोर्टाने २००२ मध्येच मतदाराच्या बाजूने दिलंय. आणि खाजगीपणाचं म्हणाल तर आजच्या शपथपत्रात उमेदवाराच्या बायकोचे दागिने किती ग्रॅम आणि किती किमतीचे हे लिहावं लागतं. बायकोच्या पाटल्यांचं वजन साऱ्या गावाला सांगून झाल्यावर भागीदारी फर्मचं नाव मात्र खाजगी, हे गणित मला जमत नाही.

मेसेजमध्ये आणखी एका निकालाचा उल्लेख आहे, अर्धवट. ९ एप्रिल २०२४, अरुणाचल प्रदेशातल्या तेझू मतदारसंघाचं प्रकरण, कारिखो क्री विरुद्ध नुने तायांग. कोर्ट म्हणालं की उमेदवारालाही खाजगीपणाचा हक्क आहे आणि त्याने आपलं आयुष्य उसवून मतदारापुढे पसरायची गरज नाही. कपडे, चपला, कपबश्या, फर्निचर असल्या एकेक वस्तूची यादी द्यायला नको. हे मलाही पटतं. पण त्याच निकालात पुढे म्हटलंय की वस्तूची किंमत मोठी असेल किंवा तिच्यावरून उमेदवाराचं राहणीमान कळत असेल तर ती दाखवावीच लागेल. उदाहरण महागड्या घड्याळांचं दिलंय. कपबश्यांचं वाक्य पुढे पाठवलं, घड्याळांचं गाळलं.

मात्र खाजगीपणाच्या मुद्द्यावर एका ठिकाणी मी मेसेजवाल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. रिटर्न जसंच्या तसं वेबसाइटवर टाकणं चूक ठरेल. त्यात आधार क्रमांक असतो, बँक खात्याचे क्रमांक असतात, भाडेकरूचा पॅन असू शकतो. घरात कोणाला अपंगत्व असेल तर त्याची वजावट घेतलेली असते, गंभीर आजारावरच्या खर्चाची असते. त्या एका कलमावरून घरातलं दुखणं गावाला कळतं. हे रकाने झाकलेच पाहिजेत. आणि उमेदवाराची बायको स्वतः डॉक्टर असेल, तिची प्रॅक्टिस तिची असेल, तर तिचं अख्खं रिटर्न नवऱ्याच्या हौसेपायी चव्हाट्यावर का यावं? तिच्यापुरता आजचा पाच आकड्यांचा तक्ता राहू द्या. पूर्ण रिटर्न उमेदवाराचं. यावर माझ्याच व्यवसायातले मित्र भांडतात, म्हणतात सगळा पैसा बायकोच्या नावावर वळेल. थोडा वळेलही. पण आपल्या पैशाने बायकोच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेचं उत्पन्न पुष्कळदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावं लागतं, आणि मिळवलेलं तेही रिटर्नमध्ये वेगळ्या परिशिष्टात दिसतं.

"शेतकऱ्याच्या पोराकडे रिटर्नच नसतं."

हा सवाल वाचून मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

गेल्या जुलैत निफाड तालुक्यातले एक नाना आले होते. हातात खताच्या दुकानाची पिशवी, त्यात बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या. लासलगावच्या वेगळ्या, पिंपळगावच्या वेगळ्या, रबराने बांधलेल्या. एकीवर चहाचा गोल डाग. मुलाला शिकायला परदेशी पाठवायचं होतं आणि बँकेने तीन वर्षांची रिटर्न मागितली होती. नानांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नव्हतं, कारण शेतीशिवाय उत्पन्न नाही, भरायची गरजच पडली नव्हती. मागच्या वर्षांची मुदत गेलेली. चालू वर्षाचं भरायला बसलो. नाना एकेक पट्टी जिभेला बोट लावून सुटी करत होते, मी आकडे घेत होतो. मध्येच थांबून म्हणाले, "का हो साहेब, आमच्या आमदाराला बी एवढं दाखवावं लागतं का?"

मी म्हटलं, "नाही नाना. त्यांना वर्षाला एक आकडा."

"अन् मला पट्टी न् पट्टी?"

उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पुढची पट्टी मागितली.

आता मुद्द्यावर येतो. रिटर्न नसलेला माणूस बाद होईल असं कोणीच म्हणत नाही. 'करपात्र उत्पन्न नाही, म्हणून रिटर्न भरलेलं नाही' एवढं एक वाक्य शपथेवर लिहिलं की विषय संपला. आजही ज्याच्याकडे पॅन नाही तो तसं लिहून उभा राहतोच. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने रकाना कोरा सोडायला बंदी केली, 'निरंक' लिहायला नाही.

शिवाय जरा आजूबाजूला बघा, रिटर्न कोणाकोणाकडून मागतात. घरकर्ज काढणाऱ्याकडून. व्हिसा काढणाऱ्याकडून. पोरीच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालणाऱ्या बापाकडे तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात. आणि ठेकेदाराकडून तर मागतातच. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. रस्ते, घाट, सांडपाणी, पूल अशी कामं निघतायत. मोठं टेंडर भरायचं म्हणजे सहसा तीन वर्षांची रिटर्न, ताळेबंद, सीएचं प्रमाणपत्र. आमच्या ऑफिसात त्या फायली तयार होतात, मला वजनासकट माहीत आहेत. काम करणाऱ्याची फाइल चार इंच जाड, आणि जे ते काम मंजूर करणार त्यांच्याकडून मतदाराला पाच आकडे. शेतकऱ्याच्या पोराची एवढी कळकळ असेल तर आधी अनामत रकमेबद्दल बोला. विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. आणि खर्चाची कायदेशीर मर्यादाच आपल्या राज्यात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख आहे. शेतकऱ्याचं पोर तिथे अडतं. रिटर्नच्या कागदाशी पोहोचेपर्यंत ते मैदानात उरलेलंच नसतं.

"अमेरिकेतसुद्धा सक्ती नाही."

नाही. पण तिथली गोष्ट पुरी सांगा. १९७३ मध्ये निक्सनच्या करभरण्यावरून वादळ उठलं, त्यांना स्वतःची रिटर्न जाहीर करावी लागली, आणि त्यानंतरच्या दशकांत अध्यक्षपदाचे उमेदवार रिटर्न जाहीर करत आले. कायदा नव्हता, पायंडा होता. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी तो मोडला आणि कोणाला काही करता आलं नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की पाच वर्षांची रिटर्न दिल्याशिवाय पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव नाही. त्याच वर्षी तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या समितीने ट्रम्प यांची सहा वर्षांची रिटर्न उघड केली, तोवर त्यांची एक कारकीर्द होऊन गेली होती. यातून सक्ती नको असा निष्कर्ष कसा निघतो, मला कळलं नाही. नुसत्या पायंड्यावर विसंबलं तर तो पहिल्याच अडेलतट्टू माणसापाशी मोडतो, एवढंच दिसतं.

आणि अमेरिकाच का? नॉर्वेत कोणाही माणसाचं उत्पन्न आणि कर सरकारी यादीत बघता येतो. फक्त २०१४ पासून, तुमचं कोणी पाहिलं हे तुम्हालाही कळतं. मला ही युक्ती भारी आवडली. शेजारी पाकिस्तानात २०१४ पासून खासदार-आमदारांनी किती कर भरला याची पुस्तिका तिथलं कर खातं काढू लागलं. त्याने तिथे फार काही सुधारलं असं मी म्हणत नाही. पण जगात कुठे होत नाही, हे खोटं आहे.

"काळा पैसा कोणी रिटर्नमध्ये दाखवतो का?"

हा खरा जातिवंत सवाल. चहाच्या टपरीवर यावरच टाळी पडते.

माझं उत्तर: दाखवतात की. रोकड गादीखाली ठेवून प्लॉट घेता येत नाही, मुलाच्या नावाने शोरूम टाकता येत नाही, शपथपत्रात मालमत्ताही लिहिता येत नाही. कधी ना कधी तो पैसा पांढरा करून बँकेत आणावा लागतो, आणि आणायची सगळ्यात सोपी वाट शेतीच्या बांधावरून जाते. कर नाही, बिलं नाहीत, गिऱ्हाईक कोण होतं कोणी विचारत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात हेच दाखवलं होतं, की शेती उत्पन्नाची करमाफी पुरेशी कागदपत्रं न तपासताच मान्य झाल्याची प्रकरणं आहेत. म्हणजे काळा पैसा रिटर्नमध्ये येतो, डोक्याला टोपी घालून, शेतकरी होऊन येतो. आणि येतो तो नेमका त्या परिशिष्टात, जे मतदाराला दिसत नाही.

माझ्याकडेही असे लोक येतात, लपवत नाही. "साहेब, या वर्षी शेतीचे २० लाख दाखवा." मी विचारतो, "सात-बारावर पीक काय लागलंय?" मग शांतता. काही जण पिशवी उचलून खालच्या मजल्यावर जातात, तिथेही एक करसल्लागार बसतात. पण परवा यातल्याच एकाला मी म्हटलं, समजा हे पान उद्या तुमच्या वॉर्डातल्या विरोधकाच्या हातात पडलं तर? तो हसला नाही.

कायद्याचंही बघा. शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात खोट्या निवेदनाला कलम २७७ होतं, बुडवलेला कर मोठा असेल तर सात वर्षांपर्यंत. म्हणून माणूस रिटर्नमध्ये ज्या धास्तीने लिहितो, त्या धास्तीने शपथपत्रात लिहीत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवायची सोय झाली की एकात एक आणि दुसऱ्यात दुसरं लिहिणं अवघड होतं. सगळे चोर पकडले जातील, असला दावा मी करत नाही. कुलूप लावल्याने घरफोड्या बंद झाल्या नाहीत, तरी तुम्ही रात्री कडी लावताच.

"भले लोक येणार नाहीत, खंडणीवाले मागे लागतील."

यावर फार वेळ घालवत नाही. खंडणीवाल्याला हवं ते सगळं आजच्या शपथपत्रात आहे: कोणत्या गटात किती क्षेत्र, कोणत्या सोसायटीत फ्लॅट, गाड्या किती, सोनं किती, रोकड किती. रिटर्नने त्यात भर पडते ती पैसा कुठून आला याची, आणि खंडणीवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. ते मतदाराला असतं. शपथपत्रं सुरू झाल्यापासून निवडणुका लढवणाऱ्यांत कोट्यधीशांची टंचाई झाल्याचं मला तरी नाशिकमध्ये दिसलं नाही.

आता तो टोमणा, की कायदा करणारे तेच. इथे मेसेजवाल्यांचा तपशील चुकलाय. नमुना २६ हा १९६१ च्या निवडणूक नियमांतला, नियम ४अ चा भाग आहे. तो बदलायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. केंद्र सरकार निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून अधिसूचना काढतं. एका आकड्याचे पाच आकडे झाले ते असेच. तसंच पुढचं पाऊल: तक्त्याखाली एक ओळ, की उमेदवाराने पाच वर्षांच्या रिटर्नची प्रत ठरवलेले रकाने झाकून जोडावी, आणि रिटर्न नसेल तर तसं लिहावं. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे नमुने वेगळे असतात. तिथे मागणी वेगळी करावी लागेल, आणि खरं सांगायचं तर मला तीच आधी व्हावीशी वाटते. ज्या नगरसेवकाकडे आपण गटार तुंबलं म्हणून फोन करतो, त्याच्या फर्मचं नाव आपल्याला माहीत असावं.

आणि तोवर अधिसूचनेची वाट बघायचं बंधन कोणावर आहे? मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत आमच्या भागातले दोन इच्छुक आहेत, जानेवारीत तिकीट हुकलेले. त्यांच्या सोयीसाठी सांगून ठेवतो. प्राप्तिकराच्या पोर्टलवर लॉगिन करायचं, ई-फाइलवर जायचं, इन्कमटॅक्स रिटर्न निवडायचं, भरलेली रिटर्न पाहा म्हणायचं आणि हव्या त्या वर्षापुढे फॉर्म डाउनलोड करायचा. पासवर्ड विसरला असेल तर तो तुमच्या करसल्लागाराच्या वहीत असतो. दोघांपैकी एकाचा माझ्याच वहीत आहे.